वेतनवाढ मागताना

रायपूरच्या पुरानी बस्तीत महामाया मंदिराच्या परिसरातून लाखेनगर चौकाच्या दिशेने चालत गेले, तर वाटेत लहान लहान आस्थापनांची रांगच लागते. किराणा, औषधे, कापड, वह्यापुस्तके, खाजगी शाळा, दवाखाने, करसल्लागारांची कार्यालये. यांपैकी बहुतेक ठिकाणी चारपासून पंधरापर्यंत माणसे काम करीत असतात. मोठ्या कारखान्यात कामगार अधिकारी असतो, संघटना असते, वेतनश्रेणी छापील असते. येथे यांतले काहीच नसते. मालक दहा फुटांवर बसलेला असतो. तो कर्मचाऱ्याच्या वडिलांना ओळखतो, त्याच्या घरच्या लग्नकार्याला येऊन गेलेला असतो आणि 'आप तो घर के आदमी हैं' हे त्याचे आवडते वाक्य असते. घरच्या माणसाने घरच्या माणसाजवळ पैसे कसे मागावेत? भोसल्यांच्या अमलापासून रायपुरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत नोकरी हाच पिढ्यान् पिढ्यांचा आधार राहिला आहे. परंतु नोकरी निष्ठेने करणे आणि तिचा मोबदला मोकळेपणाने मागणे या दोन निराळ्या गोष्टी असून दुसरी आपल्याकडे कोणी शिकवीत नाही. परिणामी माणूस वर्षानुवर्षे गप्प राहतो आणि एखाद्या दिवशी मनातल्या मनात रुसून दुसरी नोकरी धरतो. मालकालाही आपले काय चुकले ते कळत नाही. भीड ही भिकेची बहीण, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी म्हणून ठेवले आहे ते उगीच नव्हे.

लाखेनगर हे नाव ज्यांच्यावरून पडले ते वामनराव लाखे (१८७२-१९४८) हे याच शहरातील मराठी गृहस्थ. माधवराव सप्रे यांनी १९०० साली सुरू केलेल्या 'छत्तीसगढ मित्र' या मासिकाच्या मागे ते उभे होते आणि १९१३ साली रायपूरच्या सहकारी मध्यवर्ती बँकेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. सहकारी पतपुरवठ्याच्या चळवळीमागे एक साधे निरीक्षण होते : ज्या सावकाराचे देणे आपल्या डोक्यावर आहे, त्यालाच धान्य विकायचे झाले तर भावाची बोलणी बरोबरीने होत नाहीत. वेतनालाही हा नियम तंतोतंत लागू पडतो, आणि म्हणून वेतनवाढीच्या लेखाची सुरुवात आम्ही उचलीपासून करीत आहोत.

लहान दुकानात मुलीच्या लग्नासाठी किंवा घराच्या दुरुस्तीसाठी शेठजींकडून उचल घेण्याची पद्धत आहे. तिच्यावर व्याज नसते, म्हणून ती स्वस्त वाटते. समजा, एका कर्मचाऱ्याने ४०,००० रुपयांची उचल घेतली व ती दोन वर्षांत पगारातून वळती व्हायची आहे. या दोन वर्षांत तो पगारवाढीचे नाव काढीत नाही, कारण उपकार ताजा असतो. त्याला एरवी महिना १,००० रुपयांची वाढ मिळाली असती असे धरले, तर २४ महिन्यांत २४,००० रुपये बुडाले. तीच रक्कम त्याने बँकेकडून, समजा १२ टक्के दराने, दोन वर्षांसाठी घेतली असती तर मासिक हप्ता सुमारे १,८८३ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ५,२०० रुपये पडले असते. बिनव्याजी उचल अशी महाग पडते. ज्यांची उचल आज चालू आहे त्यांनी शक्य असल्यास ती आधी फेडून टाकावी किंवा अन्य मार्गाने वळती करावी, आणि मगच वेतनाचा विषय काढावा.

हक्काचे किती, वाढीचे किती

वेतनवाढ मागण्यापूर्वी मनाशी एक विभागणी करावी लागते. मागणीतील काही भाग असा असतो की जो मागण्याचा प्रश्नच नसतो. तो कायद्याने देय असतो. दुसरा भाग महागाईने खाल्लेले परत मागण्याचा. आणि तिसरा भाग खऱ्या अर्थाने वाढीचा. हे तिन्ही भाग एकत्र कालवले की मालकाला सारेच दान वाटते आणि कर्मचाऱ्यालाही.

पहिल्या भागात किमान वेतन येते. छत्तीसगढमध्ये अकुशल, अर्धकुशल, कुशल व उच्चकुशल अशा श्रेणींनुसार आणि क्षेत्रांनुसार किमान वेतनाचे दर ठरतात व त्यांतील परिवर्तनशील महागाई भत्ता एप्रिल आणि ऑक्टोबर असा वर्षातून दोनदा बदलतो. संगणकावर हिशेब ठेवणाऱ्याला अकुशल कामगाराच्या दराने वेतन मिळत असेल, तर तेथे श्रेणी चुकीची धरली गेली आहे. ती दुरुस्त करून मागताना 'वाढ' हा शब्दच वापरू नये. त्याचप्रमाणे समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन हा नियम १९७६ च्या कायद्यापासून आहे. तो आता २०१९ च्या वेतन संहितेत समाविष्ट झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. खाजगी शाळांतील शिक्षिका आणि दवाखान्यांतील परिचारिका यांनी हा मुद्दा विशेष ध्यानात ठेवावा. येथे अन्याय बहुधा जुन्या सवयीने चालत आलेला असतो आणि शांतपणे दाखवून दिल्यास पुष्कळदा दुरुस्तही होतो.

वेतन वेळेवर मिळणे हाही हक्काचाच भाग. महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या सातव्या दिवसापर्यंत दिले पाहिजे. हे आज आपल्याला साधे वाटते. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना एकेकाळी तेवढ्यासाठीही निवेदन द्यावे लागले होते. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने कामगारांच्या सभा झाल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. आठवड्यातून एक दिवस, रविवारी सुटी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. मागील महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. रविवारची सुटी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. या निवेदनाची भाषा आणि बांधणी आजच्या अर्जदारानेही पाहण्यासारखी आहे. त्यात 'आमचे हाल पाहा' यापेक्षा घड्याळाची वेळ, तारीख, दिवस यांना महत्त्व आहे. ज्याला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येते, अशीच प्रत्येक मागणी आहे.

आता दुसरा भाग, महागाईचा. समजा, तीन वर्षांपूर्वी एखाद्याचे वेतन १८,००० रुपये होते आणि या काळात भाव दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले. तर तेव्हा १८,००० रुपयांत जेवढे येत होते तेवढेच आज घ्यायला सुमारे २०,८३७ रुपये लागतील. मालकाने तीन वर्षांनी वेतन १९,५०० केले, तर दुकानाच्या वहीत १,५०० रुपयांची वाढ दिसेल. प्रत्यक्षात मात्र त्या कर्मचाऱ्याचे वेतन १,३३७ रुपयांनी घटलेले असेल. हे गणित फार थोडे लोक मांडतात. भाववाढीचा अधिकृत आकडा मिळणे कठीण नाही. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक केंद्र सरकारचे श्रम खाते दर महिन्यास प्रसिद्ध करते. २०१६ हे पायाभूत वर्ष धरणारी त्याची सध्याची मालिका देशातील ८८ केंद्रांवरील भावांवर आधारलेली असून त्यांत आपल्या शेजारचे भिलाईही आहे. ज्या महिन्यात आपली मागील वाढ झाली त्या महिन्याचा आकडा आणि आजचा आकडा घ्यावा, आजच्या आकड्याला जुन्याने भागावे आणि जुन्या वेतनाने गुणावे. जे उत्तर येईल, त्याच्या वरचे तेवढेच खरे वाढीचे.

बँकेतील वेतनाची गोष्ट

आमच्या कर्मचारी वाचकांना येथे वाटेल की हा विषय आपला नव्हे. आपले वेतन तर करारानेच वाढते. ते खरे आहे, परंतु त्या कराराचा इतिहास पुरानी बस्तीतील एकट्या कर्मचाऱ्यालाही उपयोगी पडावा असा आहे. १९४९ साली बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी सेन न्यायाधिकरण नेमले गेले. त्याचा निवाडा १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. मग शास्त्री न्यायाधिकरण आले व त्याचा निवाडा १९५३ चा. त्यावर अपील झाले, अपिलातील निर्णयात सरकारने १९५४ साली फेरफार केले आणि त्याच्या निषेधार्थ तत्कालीन श्रममंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी राजीनामा दिला. मंत्र्याने कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी पद सोडावे, हा प्रसंग आपल्याकडे विरळाच. पुढे हा प्रश्न बँक निवाडा आयोगाकडे गेला आणि न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९५५ साली त्यावर अहवाल दिला. १९६२ साली देसाई निवाडा आला. एवढी न्यायालयीन वाटचाल झाल्यावर दोन्ही बाजूंच्या ध्यानात आले की समोरासमोर बसून ठरवणेच बरे, आणि १९ ऑक्टोबर १९६६ रोजी पहिला द्विपक्षीय करार झाला. त्या मालिकेतील बारावा करार ८ मार्च २०२४ रोजी झाला. त्यात १७ टक्के वाढ ठरली आणि ती १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू धरण्यात आली.

या हकिकतीत दोन गोष्टी लक्षात येण्यासारख्या आहेत. देशभर संघटित असलेल्या कर्मचाऱ्यांनाही प्रत्येक वेळी मागणीपत्र द्यावे लागले; न मागता कोणतीच वाढ झाली नाही. आणि महागाईचा प्रश्न त्यांनी वाढीपासून वेगळा केला. महागाई भत्ता निर्देशांकाबरोबर आपोआप सरकतो, त्यामुळे कराराच्या बैठकीत वेळ जातो तो खऱ्या वाढीवर. ज्याच्यामागे संघटना नाही त्याने स्वतःचे मागणीपत्र स्वतःच तयार करायचे आहे, आणि त्यातही ही विभागणी करायची आहे, एवढाच काय तो फरक.

मागणीपत्रात काय असावे

पहिला मोह घरखर्च लिहिण्याचा होतो. मुलांची फी, आईचे औषध, घरभाडे. हे सारे खरे असते, परंतु मालकाच्या दृष्टीने ते आपल्या कामाचे मूल्य ठरवीत नाही. शिवाय घरखर्चावर मागितलेली वाढ घरखर्चावरच नाकारता येते : 'तुमचा मुलगा तर आता कमावता झाला.' लहान आस्थापनेत शेठजी स्वतःच घरची विचारपूस करतात, तेव्हा एका वाक्यात सांगण्यास हरकत नाही; पण ते शेवटचे वाक्य असावे.

त्याऐवजी नोकरीस लागताना कोणते काम होते आणि आज कोणते आहे, याची टिपणी करावी. या बाबतीत दुकानातील हिशेबनीसांइतका भक्कम दावा क्वचितच कोणाचा असेल. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि बिले लिहिण्यासाठी ठेवलेला माणूस पाहता पाहता करविषयक कारकून झाला. दर महिन्यास विक्रीचे विवरणपत्र, त्यानंतर कर भरण्याचे विवरणपत्र, मालाच्या वाहतुकीसाठी ई-वे बिल, खरेदीवरील कराच्या परताव्याचा ताळमेळ, आणि शिवाय मोबाइलवरून आलेल्या रकमांची रोजची जुळणी. ही कामे त्याच्याकडे एकेक करून आली, म्हणून त्यांचा मोबदला कधी ठरलाच नाही. करभरणीचे विवरणपत्र उशिरा गेल्यास दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागते. वर्षभरात एकदाही विलंब झाला नसेल, तर ते वाचलेले पैसे मागणीपत्रात नमूद करण्यास संकोच कशाला?

आणखी एक गुण रायपूरचे मराठी कर्मचारी मोजतच नाहीत. घरी मराठी, बाजारात हिंदी, खेड्यातून आलेल्या गिऱ्हाइकाशी छत्तीसगढी आणि करखात्याच्या पत्रव्यवहारापुरते इंग्रजी, हे त्यांना सहज जमते. नागपूरच्या घाऊक व्यापाऱ्याशी दूरध्वनीवर बोलून माल लवकर सोडवून घेणारा माणूस दुकानात असणे ही शेठजींची सोय आहे, आणि सोयीला किंमत असते.

बाजारभाव पाहावा, पण सावधपणे. पंडरीच्या कापड बाजारात, डूमरतराईच्या घाऊक बाजारात, उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांत तशाच कामाला काय मिळते, याची चौकशी अवश्य करावी. सिलतऱ्यात ३,००० रुपये जास्त मिळत असतील, तर त्यातून रोजच्या जाण्यायेण्याचे पेट्रोल आणि रस्त्यात जाणारा वेळ वजा करून मगच तुलना करावी. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याचे वेतन मात्र चर्चेत नाव घेऊन आणू नये. त्याने आपली मागणी बळकट होत नाही. दोघांचे संबंध तेवढे बिघडतात.

ही सारी सामग्री हाताशी आली की पत्र लहान लिहावे. शेठजी हिंदी वाचत असतील तर हिंदीत लिहावे, मजकूर साधारणपणे असा :

आदरणीय शेठजी,
मी एप्रिल २०१६ पासून आपल्याकडे काम करीत आहे. त्या वेळी बिले लिहिणे व रोकड मोजणे एवढे काम माझ्याकडे होते. जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराची विवरणपत्रे, २०२१ पासून गोदामाची नोंद आणि गेल्या वर्षापासून उधारीच्या वसुलीचा पाठपुरावा ही कामे मी पाहत आहे. माझ्या वेतनात मागील वाढ एप्रिल २०२३ मध्ये झाली व तेव्हापासून ते १८,००० रुपये आहे. भाववाढ आणि वाढलेली कामे लक्षात घेऊन येत्या १ मेपासून ते २२,००० रुपये करावे, अशी विनंती आहे. याविषयी बोलण्यासाठी आपल्या सोयीने पंधरा मिनिटे द्यावीत.

या पत्रात २२,००० चा आकडा मनाला येईल तसा घेतलेला नाही. वर पाहिल्याप्रमाणे भाववाढ ५ टक्के धरली तर २०,८३७ रुपये केवळ जुन्या पातळीवर येण्यासाठी लागतात. तेव्हा तीन जादा कामांसाठी मागितलेली खरी वाढ १,१६३ रुपये एवढीच आहे. शेठजींनी 'एकदम चार हजार?' असे विचारले, तर हा हिशेब त्यांच्यापुढे मांडता येतो. निश्चित आकडा न लिहिता 'योग्य ती वाढ व्हावी' असे लिहिणारे पुष्कळ असतात. ते नम्र दिसते खरे, पण त्यात ठरवण्याचे सारे काम समोरच्यावर टाकलेले असते, आणि समोरचा आपल्या सोयीनेच ठरवणार.

केव्हा मागावे

महाराष्ट्रात सालगड्याचे साल गुढीपाडव्याला ठरते, खानदेशात सालदाराचे आखाजीला. त्या दिवशी पैसे किती, धान्य किती, कपडे किती याची बोलणी उघडपणे होतात आणि त्यात कोणालाही संकोच वाटत नाही, कारण तो दिवसच त्या बोलण्यांचा असतो. सालगड्याची व्यवस्था अनेक बाबतींत कठोर होती व आहे. परंतु मोबदल्याच्या बोलण्यांना वर्षाचा एक दिवस नेमून देणे ही तिच्यातील घेण्यासारखी गोष्ट आहे. महिन्याच्या पगारावर काम करणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना असा दिवस असतो? नसेल, तर तो मागून घ्यावा. पहिल्या वर्षी काहीच वाढ मिळाली नाही तरी 'दरवर्षी एप्रिलमध्ये वेतनाचा विचार करू' एवढे शेठजींकडून कबूल करून घेतले, तर पुढील मागणीचा अर्धा संकोच नाहीसा होतो.

दुकानदाराच्या बाबतीत मार्चअखेर हिशेबाची घाई असते; त्या धामधुमीत बोलू नये. पत्र फेब्रुवारीत द्यावे आणि प्रत्यक्ष बोलणे वर्षअखेर पार पडल्यावर, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात करावे. शाळांत नवे सत्र सुरू झाल्यावर वर्षाचा खर्च ठरून गेलेला असतो, म्हणून तेथे त्याआधीच. गिऱ्हाईक समोर असताना, इतर कर्मचाऱ्यांच्या देखत किंवा लग्नाच्या पंगतीत हा विषय काढू नये, हे सांगण्याची गरज नसावी. पण काढला जातो, म्हणून सांगितले.

बोलताना आपले वाक्य संपल्यावर थांबावे. आकडा सांगून झाला की संकोचाने आपणच 'नाहीतर दोन हजार तरी' असे पुटपुटणारे बरेच असतात. त्यांची वाढ त्याच क्षणी निम्मी होते. नोकरी सोडण्याची भाषा, खरोखर सोडायची तयारी असल्याशिवाय करू नये. एकदा बोलून न सोडणाऱ्याचे पुढचे कोणतेच बोलणे गंभीरपणे घेतले जात नाही.

वाढ कोणत्या रूपात

'हो' म्हणताना शेठजी कित्येकदा सांगतात, 'पगार तोच ठेवू, वर चार हजार भत्ता म्हणून देऊ.' महिन्याकाठी हातात तेवढेच पडते, म्हणून कर्मचारी खूश होतो. पण भविष्य निर्वाह निधी आणि उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, यांचा हिशेब मूळ वेतन व महागाई भत्त्यावर होतो. उपदान तर अखेरच्या वेतनावर, दर वर्षाच्या सेवेस १५ दिवस या प्रमाणात मिळते. दहा वर्षे झालेल्या कर्मचाऱ्याच्या मूळ वेतनात ४,००० रुपयांची भर पडली, तर ४,००० ला १५ ने गुणून, २६ ने भागून, दहा वर्षांनी गुणले असता उपदानात सुमारे २३,०७७ रुपयांची भर पडते. म्हणजे आजची वाढ मागील दहा वर्षांनाही लागू झाल्यासारखे होते. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत हे उपदान देय आहे. नव्या संहितेनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असल्यास वरचा भाग वेतनातच धरला जातो, त्यामुळे पूर्वीइतकी मोकळीक आता मालकालाही नाही. तरीही मूळ वेतनातच वाढ मागावी.

कर्मचारी राज्य विमा योजनेतील कर्मचाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जपावी. जानेवारी २०१७ पासून या योजनेसाठी वेतनाची मर्यादा महिना २१,००० रुपये ठरवण्यात आली. वरच्या उदाहरणातील कर्मचारी १८,००० वरून २२,००० वर जाताच ही मर्यादा ओलांडतो. घरात कोणाला दीर्घ आजार असेल तर ही साधी गोष्ट नव्हे. जुलै २०१९ पासून कर्मचाऱ्याचे अंशदान वेतनाच्या ०.७५ टक्के व मालकाचे ३.२५ टक्के आहे. म्हणजे १८,००० वर कर्मचाऱ्याचे १३५ रुपये आणि मालकाचे ५८५. एवढ्या पैशांत कुटुंबाच्या औषधोपचाराची हमी बाहेर कोठेही मिळत नाही. म्हणून मर्यादेच्या जवळ वेतन असणाऱ्यांनी वाढीच्या पत्रावर सही करण्यापूर्वी विमा कार्यालयात चालू मर्यादेची चौकशी करावी.

येथे तारखेलाही महत्त्व आहे. या योजनेचे अंशदानाचे कालखंड एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे आहेत. कालखंड सुरू झाल्यानंतर वेतन मर्यादेबाहेर गेले, तर त्या कालखंडाच्या अखेरीपर्यंत कर्मचारी योजनेत राहतो आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या अंशदानाचे लाभ सर्वसाधारणपणे पुढील जानेवारी ते जूनपर्यंत मिळतात. वाढ १ एप्रिलपासून लागू झाली तर हा कालखंड हातचा जातो. वरील पत्रात १ मे ही तारीख लिहिली आहे ती याच कारणाने. तसेच कर्मचारी योजनेबाहेर गेला की मालकाचे महिन्याचे ५८५ रुपये, वर्षाचे ७,०२० रुपये वाचतात. ते कुटुंबाच्या आरोग्य विम्याच्या हप्त्यापोटी द्यावेत अशी विनंती करता येते. शेठजींच्या खिशातून नवा पैसा जात नसल्याने ती बहुधा मान्य होते.

नकार मिळाला तर

नकाराचे कारण विचारावे व ते ऐकून घ्यावे. धंदा खरोखर मंद असेल तर हिशेबनिसाला ते शेठजींच्या आधी माहीत असते. अशा वेळी पुढच्या बैठकीचा महिना ठरवून घ्यावा, किंवा पैशांऐवजी मिळण्यासारखे काही मागावे : एखाद्या अभ्यासक्रमाची फी, आठवड्यातील एक लवकर सुटण्याचा दिवस, कामाला साजेसे पदनाम व तसे नियुक्तिपत्र. पदनाम फुकटचे वाटते, पण पुढच्या नोकरीत आणि बँकेत कर्जाचा अर्ज करताना ते बोलते.

नकार हक्काच्या भागाला असेल, म्हणजे वेतन किमान दरापेक्षाच कमी असेल, तर मात्र वाट पाहण्याचे कारण नाही. श्रम कार्यालयाकडे दावा दाखल करता येतो. वेतन संहितेनुसार त्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. तेथे उपयोगी पडतो तो पुरावा. सही एका आकड्यावर आणि हाती दुसराच आकडा, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांच्याजवळ तो नसतो. म्हणून वेतन रोखीने न घेता खात्यात जमा करवून घ्यावे, असा आमचा सर्वच ग्राहकांना आग्रह राहील.

वाढ मंजूर झाल्यावर ती दोन ओळींत लिहून घ्यावी : नवे मूळ वेतन किती आणि कोणत्या तारखेपासून. पहिल्या महिन्याचे वेतन जमा झाले की पासबुकातील नोंद त्या कागदाशी ताडून पाहावी. फरक आढळल्यास तो त्याच आठवड्यात दाखवावा. तीन महिन्यांनी दाखवलेली चूक ही चूक राहत नाही, पद्धत होऊन बसते. आवर्ती ठेवीचा हप्ता वाढवायचा असेल तर त्याच भेटीत खिडकीवर तसा अर्ज द्यावा, कारण दुसऱ्या महिन्यापासून घराला नव्या आकड्याची सवय लागते.